यांच्या वतीने मी

बुधवार आला की मला घरात बसवत नाही. सकाळपासून पाय भुईला लागत नाहीत. यांची दाढी, यांची न्याहारी, माझी इस्त्रीची साडी, आणि मध्येच तोंडातल्या तोंडात गोष्टीची उजळणी. गोष्ट पाठ आहे, तरी करते. उभा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला, त्यामुळे तयारी न करता वर्गावर जायचं म्हटलं की मला अजूनही धडधडतं.

गोष्ट माझ्या नवऱ्याची आहे. सन्मती चौगुले, मिरज स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक. स्वतःच्या गळ्यानं माइकवरून गाड्या पुकारणारी जी शेवटची माणसं होती त्यांतले हे एक. नंतर ते काम यंत्राकडे गेलं, हे निवृत्त झाले, आणि थोड्याच दिवसांत एका सकाळी दुधाची पिशवी हातात घेऊन निघताना दारातच कोसळले. मेंदूतली एक शीर तुंबली होती. उजवं अंग गेलं. पुढं अंग बरंचसं परत आलं, काठी घेऊन चालतात. वाचा मात्र आली नाही. समजतं सगळं. वर्तमानपत्र वाचतात, आमटीत मीठ कमी पडलं तर भुवई उचलतात. पण शब्द जुळवून जिभेवर आणणारा मेंदूचा जो भाग, तोच नेमका दगावला. 'हां', 'नको', 'अगं', आणि फारच चिडले तर स्टँडवरची एक सणसणीत शिवी, एवढाच ऐवज शिल्लक राहिला. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात.

मिरजेबाहेर कृष्णाकाठ आरोग्य आणि समाजसेवा विद्यापीठ आहे. तिथं होऊ घातलेले डॉक्टर, नर्सेस, फिजिओथेरपिस्ट आणि समाजसेवक पहिल्या वर्षी दर बुधवारी एका खोलीत एकत्र बसतात. त्याला 'एकत्र वर्ग' म्हणतात. तिथं पुस्तक उघडायचं नाही. दवाखान्याच्या फेऱ्यातून गेलेलं कुणीतरी समोर बसतं आणि आपली गोष्ट सांगतं. अशी सांगणारी माणसं बरीच आहेत, पण माझ्याइतकी रंगवून कुणी सांगत नाही. हे मी म्हणत नाही, मुलं म्हणतात.

गोष्ट थोडक्यात अशी. हे दवाखान्यात असताना गिळण्याची तपासणी करणाऱ्या बाई आल्या आणि म्हणाल्या, यांना पातळ काही देऊ नका, ठसक्यातून फुप्फुसात जाईल. त्यांनी ते आपल्या संगणकात नोंदवलं. नर्सचा संगणक वेगळा. दुसऱ्या पाळीच्या नर्सनं मायेनं यांना चहा पाजला. तो फुप्फुसात गेला, न्यूमोनिया झाला. ताप चढलेला असताना फिजिओथेरपिस्ट त्यांना चालवायला आला, कारण त्याच्या वेळापत्रकात ते होतं. डॉक्टरांनी औषध बदललं, पण का बदललं ते कुणाला सांगितलं नाही. आणि समाजसेविका घरी आली तेव्हा आमचा दाराच्या पायऱ्या फोडून उतार करूनही झाला होता. "सगळे आपापल्या जागी बरोबर होते," असं मी म्हणते आणि जरा थांबते. "पण सगळ्यांच्या मध्ये माझा माणूस मरता मरता राहिला."

इथं मुलं रडतात. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

हे शेजारच्या खुर्चीत बसलेले असतात. गोष्ट संपली की मुलं प्रश्न विचारतात. "काकांना रात्री झोप लागते का?" मी सांगते, लागते. "काकांना आता कशाचा सगळ्यात जास्त त्रास होतो?" मी सांगते, गर्दीचा. आपल्याकडे पद्धतच आहे ती. डॉक्टर पेशंटच्या डोक्यावरून नातेवाइकाकडे बघतात आणि विचारतात, "यांना काय होतंय?" नातेवाईक सांगतो. पेशंट मध्ये झोपलेला असतो. इथं तर पेशंटला वाचाच नाही. मग मी नाही बोलायचं तर कुणी?

*

एकत्र वर्ग चालवतात त्या डॉक्टर रुबिना मुजावर. वयानं माझ्या मुलीएवढ्या, मिरजेच्याच, बारीक चणीच्या, आवाज कधी चढणार नाही. त्या बुधवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला चहाला थांबवलं.

"काकू, पुढच्या वेळी पट्टा काकांना लावू या का?"

या पट्ट्याबद्दल सांगायला हवं. तो आला तेव्हा मी नाक मुरडलं होतं. गोष्ट सांगायला यंत्र कशाला लागतं? पण मुजावर मॅडमनी समजावलं ते मला पटलं होतं. आपला मेंदू जसा बाहेरचं बघतो तसा आतलंही सतत बघत असतो. काळीज किती वेगानं चाललंय, श्वास कुठं अडलाय, पोटात गोळा आलाय का. भीती, दुःख, आनंद ही सगळी या आतल्या बातम्यांवर उभी असतात. एखादी गोष्ट पुष्कळ माणसं मन लावून ऐकतात तेव्हा त्यांच्या नाड्याही एकत्र चढतात-उतरतात, हे जुनंच शोधलेलं आहे. पट्टा त्याच्या एक पाऊल पुढं जातो. सांगणाऱ्याच्या छातीवरचा पट्टा त्याची नाडी, श्वास, घाम, गळ्याच्या स्नायूंचा ताण टिपतो. ऐकणाऱ्याच्या छातीवर तसाच पट्टा असतो, त्यात हवेच्या लहान लहान पिशव्या असतात, त्या त्याच लयीत दाबतात आणि सोडतात. कानाच्या पाळीजवळ एक चिमटा असतो. तिथून काळजाकडं जाणाऱ्या मज्जातंतूची एक शाखा जाते, तिला हलका विद्युतप्रवाह देतात. थोड्या वेळात ऐकणाऱ्याचं शरीर सांगणाऱ्याच्या शरीरासारखं वागू लागतं.

"पण एक लक्षात ठेवा," मॅडम प्रत्येक वर्गात बजावायच्या. "पट्टा फक्त शरीर पोचवतो. कारण पोचवत नाही. कारण तुमचा मेंदू स्वतः शोधतो, आणि तो चुकू शकतो."

आतापर्यंत पट्टा मी लावत होते. माझं काळीज मुलांच्या छातीत वाजायचं. आता त्यांना यांचं हवं होतं.

"काकांना बोलता येत नाही म्हणून आपण त्यांची बाजू कधी ऐकलीच नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही नेहमीसारखी गोष्ट सांगा. मुलं काकांच्या पट्ट्याला जोडलेली असतील. काय ओ काका, चालेल?"

"चालेल की," मी म्हणाले. "त्यांना आवडेल."

*

पुढच्या बुधवारी यांच्या निळ्या सदऱ्यावर तो राखाडी पट्टा आवळला. हे वाकून वाकून त्याच्याकडे बघत होते. मुलांनी आपापले पट्टे बांधले, कानाला चिमटे लावले. सगळी गप्प झाली, आणि त्यांचे श्वास हळूहळू यांच्या श्वासाला येऊन मिळाले. अख्खा वर्ग यांच्याबरोबर श्वास घेतोय हे बघून माझ्या अंगावर काटा आला. मी सुरुवात केली.

पहिल्याच वाक्याला मुलं दचकली.

मला वाटलं यंत्र बिघडलं. मी थांबले, ती सैल पडली. मी पुन्हा बोलू लागले, पुन्हा सगळ्यांच्या माना ताठ. पुढं तर गंमतच झाली. चहाच्या प्रसंगाला, जिथं हमखास रुमाल निघतात, तिथं कुणाच्या डोळ्यात पाणी नाही. आणि मी साधं पाणी प्यायला थांबून पुन्हा तोंड उघडलं की अख्खा वर्ग गळ्याशी हात नेतोय. मी गोष्ट कशीबशी ओढत शेवटाला नेली.

मग चर्चा सुरू झाली. अन्वित म्हणून डॉक्टरकीचा मुलगा आहे, हुशार आणि थोडा आगाऊ. तो म्हणाला, "नाडीचा ताल मध्येमध्ये बिघडतोय. हृदयाची तपासणी करायला हवी." नर्सिंगची एक मुलगी म्हणाली, "मला छातीत धस्स झालं. काका कशाला तरी घाबरतात." फिजिओथेरपीवाल्याचं म्हणणं, गळा आणि मान आवळली जाते, तिथं दुखत असणार.

मागच्या रांगेत ईश्वरी साळुंखे बसली होती. समाजकार्याची, जतच्या बाजूची, कमी बोलणारी मुलगी. ती उठून उभी राहिली.

"सगळ्यांनी येगळं येगळं सांगितलं," ती म्हणाली. "पर येळ एकच हाय. मी खुणा करत होते. काकू रागावू नका. तुम्ही बोलायला लागला की होतंय ते. परत्येक टायमाला."

मॅडमनी पडद्यावर यांच्या नाडीची रेघ आणि माझ्या आवाजाची रेघ एकाखाली एक लावली. शाळेतल्या पोराला कळलं असतं. माझा आवाज जिथं सुरू, तिथं यांची रेघ उसळलेली. प्रत्येक ठिकाणी.

मग मुलं एकमेकांकडे वळली आणि बोलू लागली. डॉक्टरकीवाला नर्सिंगवालीला विचारतोय, फिजिओवाला ईश्वरीला विचारतोय. हेच तर मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून शिकवलं होतं, की बाबांनो, एकत्र बसा, एकमेकांना विचारा. बसले एकत्र. विचारलं एकमेकांना. आणि एकमतानं ठरलं काय, तर पेशंटला बायकोचं दडपण येतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी यांचं सगळं करते," मी म्हणाले. "अंघोळ घालण्यापासून नखं काढण्यापर्यंत. आणि तुम्ही पट्टे बांधून मला सांगणार, यांना माझी भीती वाटते?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे पडद्याकडे बघत होते, एकटक, स्वतःच्याच रेघेकडे.

*

दोन दिवसांनी मुजावर मॅडम घरी आल्या. एकत्र वर्गात पेशंटच्या भल्याचं काही आढळलं तर ते विद्यापीठाच्या सहाय्य मंडळाला कळवावं लागतं, तसा नियमच आहे. मंडळानं सुचवलं होतं, यांना 'बोलघरा'त पाठवावं.

बोलघर सांगलीला नदीकडच्या रस्त्यावर आहे. वाचा गेलेली माणसं सकाळी तिथं जातात, संध्याकाळी परत येतात. दिवसभर एकमेकांशी बोलायची खटपट करतात, चुकतात, हसतात, पुन्हा प्रयत्न करतात. चांगलं आहे म्हणे. एकच अट आहे. नातेवाइकांना आत मज्जाव.

"का मज्जाव?" मी विचारलं.

"नातेवाईक मदत करतात म्हणून," मॅडम म्हणाल्या.

मी चहा टाकायला उठले, साखरेऐवजी मिठाचा डबा काढला, परत ठेवला.

"कुणी जबरदस्ती करणार नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात मंडळ काकांना विचारेल. हां किंवा नको, एवढं ते सांगू शकतात. फक्त त्या वेळी तुम्ही खोलीबाहेर थांबायचं."

मी खोलीबाहेर. माझ्या नवऱ्याला विचारणार आणि मी बाहेर बाकावर बसणार. मॅडम गेल्यावर मी उगीचच ट्रंक उघडली, सगळ्या साड्या बाहेर काढल्या, पुन्हा घड्या घातल्या. मनात एकच घोळत होतं. हे 'हां' म्हणाले तर? सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्यावाचून राहायला हा माणूस तयार झाला, तर मी इतके दिवस करत काय होते?

मग गप्प राहून बघायचं ठरवलं. सकाळी न बोलता चहा दिला. न बोलता दाढीचं सामान ठेवलं. पण मला गप्प बसणं जमत नाही, जन्मात जमलं नाही. दुपार व्हायच्या आत माझं भाजीवाल्याशी, शेजारच्या कुत्र्याशी आणि शेवटी मिक्सरशी बोलून झालं होतं. हे आरामखुर्चीतून माझ्याकडे बघत होते. काय बघत होते कोण जाणे.

आणि एक खुळा नाद लागला. काहीतरी निमित्त काढून मी यांचं मनगट धरायचे आणि बोलायचे. "चहा करू?" असं म्हणता म्हणता बोटाखाली नाडी चाचपायची. उसळतेय का? वाटायचं, उसळतेय. पुन्हा वाटायचं, माझ्याच बोटातली आहे. हे हात सोडवून घ्यायचे आणि खिडकीकडं बघायचे.

एकदा सरळ विचारलंच. "अहो, तुम्हाला माझी भीती वाटते?"

यांनी मान वर केली.

"नाही ना?" मी म्हणाले. "नाहीच. उगीच ती पोरं काहीतरी म्हणतात."

आम्ही जैन माणसं, दिवस मावळायच्या आत जेवतो. त्या दिवशी ताटं वाढली तेव्हा अजून चांगलं ऊन होतं. मला एक घास गेला नाही. यांनी आपलं जेवण संपवलं आणि माझं ताट हळूच माझ्याकडं सरकवलं. हा माणूस मला घाबरतो? मला काही केल्या पटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी यांना रिक्षात घातलं आणि विद्यापीठ गाठलं.

*

"यांच्या पट्ट्याला मला जोडा," मी मुजावर मॅडमना म्हणाले. "मुलांना कळतं म्हणता ना यांच्या आतलं? मग मला कळू दे. मी यांची बायको आहे."

मॅडमनी यांच्यासमोर वाकून विचारलं, "काका, चालेल? काकूंना कळलेलं?"

मी तोंड उघडलं होतं. मॅडमनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या थांबून राहिल्या, आणि बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "हां."

खोलीत आम्ही दोघं, मॅडम, अन्वित आणि ईश्वरी. माझ्या छातीवर पट्टा आवळला, कानाला चिमटा लागला. आधी नुसतीच गुदगुली झाल्यासारखं झालं. मग माझा श्वास संथ होत गेला. माझा श्वास इतका संथ कधीच नसतो. मी सतत धापा टाकत जगते हे मला तेव्हा कळलं. यांच्या आत शांत होतं. दुपारी शाळा सुटल्यावर वर्ग असतो ना, तसं. मला क्षणभर हेवा वाटला.

"काका," ईश्वरी म्हणाली, "स्टँडवर पुकारायला सगळ्यात अवघड गाव कुठलं होतं ओ?"

आणि ते आलं. पोट आत ओढलं गेलं. छाती भरत गेली, भरत गेली, गळा वर उचलला गेला, जीभ टाळूपाशी कुठंतरी जागा शोधू लागली. नाडी धावायला लागली. आतून काहीतरी वर येत होतं, जड, हळू, पण येत होतं...

"खिद्रापूर," मी म्हणाले. "खि म्हणताना माइक फुटायचा, असं हे नेहमी—"

सगळं खाली पडलं. भरलेली छाती तशीच रिकामी झाली. गळा बसला. पोटात एक कडू काहीतरी उतरलं आणि विरून गेलं. राग नव्हता तो. रागाचा ताल मला माहीत आहे, तो माझा रोजचाच आहे. हे काही वेगळं होतं, आणि फार सरावाचं होतं.

ईश्वरीनं हलकेच दुसरं काहीतरी विचारलं, मुलगी कुठं असते असं. पुन्हा छाती भरू लागली. आणि माझ्याच तोंडातून, मला कळायच्या आत, "बेळगावला" निघून गेलं. पुन्हा सगळं खाली.

मी पट्टा ओरबाडून काढला.

"ही भीती नाही," मी म्हणाले. "मला माहीत आहे हा श्वास. उभ्या जन्मात मी हजारो पोरांचा बघितलाय. पोराला उत्तर येत असतं, पण सुचायला वेळ लागतो. ते छाती भरून घेतं, ओठ हलतात. आणि तेवढ्यात बाई दुसऱ्या पोराला विचारतात." मी पडद्याकडे बोट केलं. "यांना बोलायचं असतं. दर वेळी. मी बोलायला लागते म्हणून यांची रेघ उसळत नाही. यांची रेघ आधी उसळते. कुणी विचारलं की, मी जरा थांबले की उसळते, आणि मग मी बोलते."

अन्वितनं मागच्या बुधवारच्या दोन्ही रेघा ताणून मोठ्या केल्या. बराच वेळ तो पडद्यावर बोट फिरवत राहिला. "एका श्वासाचा फरक आहे," तो शेवटी म्हणाला. "काका आधी. आम्ही दोन्ही एकदमच धरलं होतं. आणि श्वास रोखला की नाडीचा ताल बदलतोच. तो आजार नव्हे." त्याचे कान लाल झाले होते. "मॅडम, आम्ही सगळ्यांनी मिळून एकच चूक केली."

"एकत्र बसून केली," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी हेच शिकवीन."

मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. भीती नाही! दडपण नाही! मी यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ऐकलंत का, तुम्हाला फक्त बोलायचं असतं, एवढंच." मग मॅडमकडे वळून म्हणाले, "आता मंडळाला कळवून टाका. बोलघराची काही गरज नाही. मी आता थांबत जाईन यांच्यासाठी. झालं तर मग."

मुजावर मॅडमनी पट्ट्याची घडी घातली.

"काकू, हे तुम्ही काकांना विचारलंत?"

मी यांच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

"मंडळाच्या आधी तुम्हीच विचारा. घरी, निवांत. आणि पट्ट्याशिवाय. पट्टा कारण सांगत नाही, हे आज तुम्हीच दाखवलंत."

*

घरी येऊन मी विचारलं नाही. आधी तांदूळ धुऊन ठेवले. मग अंगणात पाणी मारलं, वाळलेले कपडे काढले, दोनदा केर काढला. हे दारातल्या उतारावर काठी टेकून बसले होते. ऊन कौलांवर गेलं. जेवणाची वेळ होत आली तेव्हा भात लावला आणि मग मात्र मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. हात मांडीखाली दाबून धरले, नाहीतर ते काहीतरी करत राहिले असते.

"अहो," मी म्हणाले. "बोलघरात जायचंय का तुम्हाला?"

आणि तोंड मिटलं.

यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलत नाही, हे कळायलाच त्यांना वेळ लागला. मग छाती भरू लागली. आता पट्टा नव्हता, पण मला ती दिसत होती, सदऱ्याच्या गुंड्यांखाली. ओठ पुढं आले, मागं गेले. घशातून एक आवाज आला, शब्द नव्हे. हे थांबले. डोळे मिटले. कुकरची शिट्टी झाली, मी उठले नाही. दुसरी झाली. भात करपणार होता, करपू दे म्हटलं. रस्त्यानं कुणीतरी "काय बाई, बरं आहे का?" म्हणून गेलं, मी मान वळवली नाही. जिभेच्या टोकावर किती गोष्टी आल्या. पाणी हवंय का? थकलात का? राहू द्या, उद्या सांगा. सगळ्या गिळल्या. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायलाही मी हात काढला नाही.

"जा," हे म्हणाले. "जा... जायचं."

मला वाटलं, संपलं. मी श्वास घेतला आणि 'का' हा शब्द ओठावर आलाच होता. पण यांची छाती पुन्हा भरत होती. संपलं नव्हतं. मी ओठ दातांखाली धरला.

"मला," हे म्हणाले. बराच वेळ गेला. "एकटा."

भीती नव्हती, दडपण नव्हतं, हे मी सिद्ध करून आले होते. एवढा खटाटोप करून मी या माणसाला बोलायला जागा करून दिली, आणि त्या जागेत यांनी पहिली गोष्ट काय सांगितली, तर मला सोडून जायचंय. मी खूप रागावले. मला खूप वाईट वाटलं. दोन्ही एकदम होतं, आणि यांच्या चेहऱ्यावरून नजरही हलवता येत नव्हती, कारण तिसरा श्वास सुरू झाला होता. हा सगळ्यांत लांबला. कपाळावर घाम आला, काठीवरची बोटं पांढरी पडली. एकदा 'सा' आला आणि मोडला. पुन्हा आला. ओळखीचा शब्द अर्ध्यावर आला होता, मला पूर्ण दिसत होता, उचलून हातात द्यावा इतका जवळ होता. मी दिला नाही.

"संध्याकाळी," हे म्हणाले. मग एकदम, घाईघाईनं, "येतो."

आणि माझ्याकडे बघत राहिले. आता पाळी माझी होती. यांना घाई नव्हती, माझ्यासाठी थांबायला ते तयार होते.

मी "बरं" म्हणाले. एवढंच म्हणाले, पण ते म्हणायला मला यांच्यापेक्षा जास्त वेळ लागला.